सहा कोंबड्या आणि त्यांचं रात्रीचं घर

सहा कोंबड्या पाळायचं तुमचं ठरलंय, घरामागे मोकळी जागा आहे आणि समोर तीन पर्याय आहेत. एक ४ बाय ३ फुटांचं तयार लाकडी खुराडं, ज्यावर '८ ते १० कोंबड्यांसाठी' असं लिहिलंय. दुसरं तेवढंच प्लॅस्टिकचं. आणि तिसरी, अवजारं ठेवायची जुनी खोली, ६ बाय ५ फुटांची, सध्या रिकामी पडलेली. यातलं काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न.

मी अवजारांची खोली घेईन. ती आहे तशी चालणार नाही, तिला काय काय करावं लागेल ते पुढे सांगते. पण आधी खुराडं कसं पारखायचं ते सांगते, कारण उद्या तुमचा बेत बदलला तरी ती पारख उपयोगी पडेल.

आपण खुराडं बघायला जातो ते दिवसा. दारं सताड उघडी, आत ऊन, नवीन लाकडाचा वास, कोंबडी एकही नाही. कोंबड्या त्यात राहतात ते मात्र अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत, दारं बंद असताना, दहा-बारा तास एका जागी बसून. दिवसभर त्या बाहेरच असतात, अंडं घालायला तेवढ्या आत येतात. म्हणून मी कुठलंही खुराडं बघताना एकच कल्पना करते: पहाटेचे चार वाजलेत, दार बंद आहे, सहा जणी आत बसल्या आहेत. हवा कशी असेल? बाहेरून कोण काय करू शकेल? बसून झोपायच्या दांडीवर सगळ्या मावल्या असतील का? याची उत्तरं देता आली की बाकी रंगरूप, कौलारू छत, छोटी खिडकी, हे सगळं दुय्यम.

जागेचा हिशोब

खुराड्यावर लिहिलेला कोंबड्यांचा आकडा मनावर घेऊ नका. टेप घ्या आणि आतली जमीन मोजा. बाहेर काढलेली अंड्यांची पेटी आणि शिडी त्यात धरायची नाही. नेहमीच्या आकाराच्या कोंबडीला आत साधारण ४ चौरस फूट जागा लागते. दिवसभर ऐसपैस मोकळ्या फिरत असतील तर निम्म्यातही भागतं, पण मग दोन दिवस सलग पाऊस लागला आणि त्यांना आतच ठेवावं लागलं की एकमेकींची पिसं उपटायला सुरुवात होते. पिसं उपटण्याची खोड एकदा लागली की मोडणं फार अवघड असतं.

तुमचं तयार खुराडं १२ चौरस फुटांचं. म्हणजे सहा जणींना प्रत्येकी २, आणि दहा जणींना सव्वा फूटसुद्धा नाही. अवजारांची खोली ३० चौरस फुटांची. सहा जणींना प्रत्येकी ५. शिवाय कोंबड्या पाळणारा माणूस सहावर थांबत नाही. एखादी खुडूक बसते, तिच्याखाली अंडी ठेवावीशी वाटतात, पिल्लं होतात, त्यांच्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या होतात. दोन कोंबड्यांची जागा आजच जास्त धरा.

बाहेरच्या जाळीच्या आवारासाठी दर कोंबडीमागे किमान १० चौरस फूट ठेवा, जमेल तितकं जास्त. त्यातला एक कोपरा वर छप्पर घालून कोरडा राखा. तिथे त्या मातीत लोळतील, आणि अंगावरच्या उवा घालवायचा त्यांचा हाच स्वतःचा उपाय आहे.

हवा

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बोक्यानं नेलेल्या कोंबडीची हळहळ सगळ्यांना वाटते, पण कोंदट हवेनं हळूहळू खंगणारी कोंबडी कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या पहिल्या खुराड्यात मी हीच चूक केली. पावसाची झड आत येत होती, म्हणून वरच्या जाळीवर प्लॅस्टिकचा कागद ठोकला आणि फटींत गोणपाटाच्या चिंध्या कोंबल्या. रात्री हात घालून पाहिलं तर आत छान ऊब. मला समाधान वाटलं. आठवड्याभरानंतर एका पहाटे दार उघडलं तर पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि नाकात झिणझिण्या आल्या. दांडीच्या टोकाला बसलेल्या तांबड्या कोंबडीचा एक डोळा मिटलेला, कोपऱ्यात साबणासारखा फेस. तिला उचलून कानाशी धरलं तर छातीत घरघर ऐकू येत होती. त्या पावसाळ्यात दोन कोंबड्या गेल्या. चिंध्या मी माझ्या हातानं कोंबल्या होत्या, हे आजही विसरले नाही.

घडलं होतं ते असं. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता आणि ओल ती श्वासातून बाहेर टाकते. तिच्या ताज्या विष्ठेत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं आणि रात्रभर ती दांडीखाली साचत जाते. ही सगळी ओल बंद खुराड्यात फिरत राहते, विष्ठा कुजते आणि अमोनिया वायू तयार होतो. तो डोळ्यांना झोंबतो आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुखावतो. मग साधा सर्दीचा जंतूसुद्धा घर करतो. आपण उभ्यानं वास घेतो, पण वायू निघतो तो खालच्या गादीतून, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरातून. म्हणून पहाटे दार उघडलं की आधी वाका, कोंबडीच्या उंचीवर नाक न्या आणि श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिने रात्रभर ते सोसलंय.

यावर इलाज म्हणजे हवा वरून बाहेर पडू देणं. कोंबड्या बसल्यावर त्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर, छताच्या लगत, समोरासमोरच्या भिंतींत जाळी लावलेली उघडी पट्टी हवी, आणि ती बारा महिने उघडी हवी. वळचण फूटभर बाहेर काढली की पाऊस आत येत नाही, पागोळ्याही भिंतीपासून लांब पडतात. उष्ण हवामान असेल तर पट्टीवर भागत नाही. दोन भिंतींचा वरचा अर्धा भाग सरळ जाळीचाच ठेवा. कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१-४२ अंश असतं, त्यामुळे बाहेर पारा ३०च्या वर गेला की ती चोच उघडून धापा टाकायला लागते. पस्तिशीच्या पुढे बंद खुराडं जीवघेणं ठरू शकतं. थंडीचं मात्र लोक उगाच भय घेतात. अंगभर पिसं असलेली निरोगी मोठी कोंबडी कोरड्या हवेत कडाक्याची थंडी काढते. तुऱ्याची टोकं थंडीनं काळी पडतात तेव्हा बऱ्याचदा आतली ओलही त्याला कारण असते.

हवा खेळती हवी, पण झोत अंगावर नको. हे कसं ओळखायचं? गादी आणि कोंबड्या बाहेर असताना, वारा सुटलेल्या दिवशी, खुराडं बंद करून दांडीच्या उंचीवर उदबत्ती धरा. धूर सावकाश वर चढून छताखालच्या पट्टीतून बाहेर गेला तर सगळं ठीक. धूर आडवा पडून एका बाजूला पळाला तर त्याच वाटेनं रात्री वारा कोंबड्यांच्या पिसांत शिरणार. तेवढी खालची फट बुजवा. तयार खुराडं घेण्याआधीही हे करून बघा. बहुतेक छोट्या खुराड्यांत धूर आतच कोंडून राहतो.

जाळी, कडी आणि जमीन

षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. त्याहून वाईट म्हणजे कोंबडी जाळीला टेकून झोपली तर बोका छिद्रातून पंजा घालून तिला ओढतो. वेल्ड केलेली अर्ध्या इंची चौकोनी जाळी लावा, निदान खुराड्याच्या सगळ्या उघड्या भागांना आणि आवाराच्या खालच्या दोन फुटांना. उंदीर-घुशींनाही तीच अडवते. जाळी नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका. वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रूनं आवळा. बळ लावून ओढलं तर जाळी आधी कडेला सुटते.

जमिनीखालून येणाऱ्यांसाठी आवाराच्या भोवती बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरा आणि तिच्यावर माती किंवा दगड टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो, तिथेच त्याला जाळी लागते. मागे सरकून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. खंदक खणून जाळी पुरण्यापेक्षा हे काम सोपं, आणि जाळी गंजली की दिसतेही.

कडी अशी हवी की उघडायला दोन हालचाली कराव्या लागतील: उचला आणि सरकवा, किंवा कोयंड्यात अडकवलेली खिटी काढा. नुसता आकडा नाक खुपसून उचलता येतो. अंड्यांच्या पेटीचं झाकण लोक विसरतात. सगळ्या दारांना कुलूप आणि पेटीच्या झाकणाला काहीच नाही, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय, आणि मुंगूस तिथूनच आत गेलंय.

खुराडं जमिनीपासून उचलायचं असेल तर पुरतं उचला, दीड फूट तरी. चार-पाच इंचांची फट म्हणजे घुशींना आयतं बीळ. ती फट तुम्हाला झाडता येत नाही आणि तिथे काय चाललंय ते दिसतही नाही. पुरतं उचललं की खाली वारा खेळतो आणि भर उन्हात कोंबड्यांना सावलीही मिळते.

दांडी

कोंबडी जिथे सगळ्यात उंच जागा सापडेल तिथे झोपते. दांडी अंड्यांच्या पेटीपेक्षा खाली असेल तर ती पेटीत झोपेल, आणि रात्रभराची घाण सकाळच्या अंड्यांना लागेल. हे शिस्तीनं सुटत नाही. दांडी वर घ्या किंवा पेटी खाली.

एका कोंबडीला ९-१० इंच दांडी लागते. सहा जणींना साडेचार ते पाच फूट. चार फुटांच्या खुराड्यात ही एक दांडी बसतच नाही, दोन लावाव्या लागतात, आणि त्यांच्यात फूटभर अंतर नसेल तर पुढचीच्या पाठीवर मागचीची विष्ठा. दांडी दोन इंच रुंद, कडा रंधा मारून गोल केलेली असावी. लोखंडी नळी नको. थंडीत ती गार पडते आणि गुळगुळीत असल्यानं पकड बसत नाही. अंगानं जड जातीच्या कोंबड्या असतील तर दांडी दोन फुटांच्या वर नेऊ नका. रोज सकाळी उंचावरून धपकन उडी मारल्यानं तळव्याला इजा होते, तिथे जंतू शिरतात आणि गाठ धरते. सगळी जमीनच जाळीची असलेल्या पिंजऱ्यातही तळवे असेच खराब होतात. म्हणून तशा पिंजऱ्याचा विचार करत असाल तर सोडून द्या.

अंड्यांच्या पेटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बारा इंची चौकोनी खण, चार-पाच कोंबड्यांमागे एक, जरा अंधारा, तळाशी जाड गवत किंवा भाताचं तूस. तुम्हाला दोन पुरेत. त्यातही सगळ्या एकाच खणासाठी रांग लावतील, त्याची काळजी करू नका.

तुमची पाठ आणि तुमचा हात

खुराडं कोंबड्यांसाठी असलं तरी ते झाडणार तुम्ही. तीन फूट उंचीच्या खुराड्यात डोकं आणि एक हात घालून मागचा कोपरा खरवडायचा, हे पहिला महिना हौसेनं होतं. मग तो कोपरा राहून जातो. जिथे हात पोहोचत नाही तिथेच ओल धरते आणि कीड लागते. अवजारांच्या खोलीला मी पहिली पसंती दिली त्याचं खरं कारण हे: तुम्ही आत उभे राहू शकता. खोली मिळाली नाही आणि छोटंच खुराडं घ्यावं लागलं, तर ज्याची एक भिंत किंवा अख्खं छप्पर उघडतं असंच घ्या.

कीड म्हणजे मुख्यतः लाल माइट. हा टाचणीच्या टोकाएवढा जीव दिवसा लाकडाच्या फटीत, दांडीच्या टोकाखाली, छताच्या कागदाआड दडतो आणि रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितो. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काही सापडत नाही, नुसता तुरा फिका पडत जातो आणि अंडी कमी होतात. अंधार पडल्यावर दोन तासांनी जा आणि दांडीच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद दाबून फिरवा. तांबड्या रेघा उठल्या तर ते रक्त प्यालेले माइट आहेत.

इथे प्लॅस्टिकचं खुराडं खरंच उजवं ठरतं. फटी कमी, सांधे सुटे होतात, पाण्याच्या फवाऱ्यानं धुता येतं. माइटचा खूप त्रास होणाऱ्या ठिकाणी मी स्वतः तेच सुचवते. पण प्लॅस्टिक ओल शोषत नाही, त्यामुळे आतून घाम धरतं आणि हवेच्या वाटा कमी असतील तर लाकडापेक्षा लवकर कोंदटतं. तुमच्या पाहण्यातल्या खुराड्याला वरच्या बाजूला किती छिद्रं आहेत ते मोजा. दोन-चारच असतील तर नको. लाकडी घेतलं तर दांडी आणि पेट्या स्क्रू न फिरवता उचलून काढता येतात का बघा, फटी चुन्यानं भरून घ्या, आणि छतावर डांबरी कागद असलेलं टाळा. तो माइटला लपायला उत्तम जागा देतो.

अवजारांच्या खोलीचं काय करायचं

आधी भिंती आणि जमीन बघा. जमीन सिमेंटची असेल तर चांगलं. खालून कुणी येत नाही आणि धुता येते. आतल्या भेगा बुजवून भिंतींना चुना द्या. छताखाली दोन समोरासमोरच्या भिंतींत ८-१० इंच उंचीची लांब पट्टी उघडून अर्ध्या इंची जाळी लावा. छप्पर पत्र्याचं असेल आणि ऊन कडक पडत असेल तर पत्र्याला वरून पांढरा रंग आणि आतून लाकडी किंवा बांबूचा तट्ट्या. तट्ट्या असा बसवा की काढून उन्हात टाकता येईल. आवाराकडे उघडणारं छोटं दार कापा, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, जमिनीपासून सहा-आठ इंच वर, म्हणजे उकरताना गादी बाहेर पडत नाही.

जमिनीवर भाताचं तूस किंवा लाकडाच्या ढलप्या, ५-६ इंच जाड पसरा. करवतीचा बारीक भुसा नको, त्याची धूळ छातीत जाते. दांडीखाली एक फळी ठेवा आणि रात्रीची विष्ठा रोज सकाळी तिच्यावरून खरवडून काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि हवेचा निम्मा प्रश्न त्यानंच मिटतो. गादी आठवड्यातून एक-दोनदा खालीवर करा. ती ठीक आहे का हे मुठीत धरून कळतं: मूठ आवळा आणि उघडा. तूस सुटं होऊन पडलं तर उत्तम. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त झालीय. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि तलंगांना ती फार लवकर धरते. अशा वेळी ओला भाग उचलून टाका आणि कोरडं तूस घाला. बहुतेक वेळा ओल पाण्याच्या भांड्याभोवतीच असते. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा, ती त्यात पाय घालत नाही. एक कोंबडी दिवसाला पाव लीटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट, तेव्हा भांडं मोठं घ्या.

खोली हलवता येत नाही, म्हणून दिशेचं फार बोलत नाही. पण नवं बांधत असाल तर उष्ण भागात लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन फक्त आखूड भिंतींवर येतं. आणि जागा अशी निवडा की पावसाचं पाणी तिथे साचत नाही. जोरदार पावसानंतर अर्ध्या तासानं जाऊन उभं राहिलं की कळतं.

पहिल्या रात्री

कोंबड्या आणल्यावर चार-पाच दिवस त्यांना खोली आणि आवारातच ठेवा, बाहेर सोडू नका. हे आपलं घर आहे हे त्यांच्या डोक्यात बसायला तेवढा वेळ लागतो. आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या जणी दोन ते चार आठवडे वेगळ्या ठेवा.

पहिल्या संध्याकाळी काही जणी दांडीवर जाणार नाहीत. कोपऱ्यात एकमेकींवर दाटी करून बसतील किंवा पेटीत शिरतील. अंधार पडू द्या. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ती पळत नाही, फडफडत नाही. मंद टॉर्च खाली धरा, दोन्ही पंखांवरून हात घालून तिला उचला, छातीशी धरा आणि दांडीच्या जवळ न्या. पाय दांडीला टेकले की क्षणभर ती डळमळते. हात काढू नका. तिची बोटं दांडीभोवती वळतील, मग ती पोट खाली टेकवेल आणि पिसं फुगवेल. तेव्हा हात काढा आणि पुढचीला घ्या. तीन-चार रात्री असं केलं की पाचव्या रात्री त्या आपणहून दांडीवर ओळीनं बसलेल्या असतील. मोजा, सहा भरल्या की कडी लावा.